पहिले सहा महिने



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी एक आई आपल्या मुलाला घेऊन आमच्या दारात आली. मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. आमच्या वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकलेला, पुढे आयटीआयमधून फिटर झालेला. बसायच्या आधीच आई म्हणाली, "सर, याला कुठंतरी लावून द्या. चार महिने झाले, घरीच बसलाय."

हे वाक्य आम्हाला नवीन नाही. शिक्षकाच्या घरी लोक दोन कामांसाठी येतात, शाळेत दाखला मिळवायला आणि मुलाला नोकरीला लावायला. आम्ही विचारले, "आधी कुठं होता?" आई म्हणाली, "होता एका कारखान्यात. पण तिथला सुपरवायझर चांगला नव्हता." मुलगा काही बोलला नाही, फरशीकडे बघत राहिला.

चहा झाल्यावर सगळी हकीकत हळूहळू बाहेर आली. मोहल्ल्यातले एक चाचा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात कित्येक वर्षांपासून आहेत. त्यांनी शब्द टाकला म्हणून या मुलाला काम मिळाले. पंधराव्या दिवशी भोकरदनला मामेबहिणीचे लग्न निघाले. हळद, निकाह आणि वलिमा मिळून तीन दिवस हा कामावर गेला नाही. सुपरवायझरला सांगितले नव्हते, फक्त सोबतच्या पोराला "सांगून दे" म्हणाला होता. परत गेला तेव्हा सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला. याने हातमोजे काढून फेकले आणि गेटबाहेर पडला. घरी आल्यावर मोठी माणसे म्हणाली, "कुणाचं ऐकून घ्यायची गरज नाही. दुसरी मिळेल." ती दुसरी अजून मिळालेली नाही. पंधरा दिवसांचा पगार तिकडेच राहिला. आणि ते चाचा आता समोरून आले तरी नजर टाळतात.

मुलगा वाईट नाही. कामात हुशार आहे, व्यसन नाही. तरीही नोकरी गेली. या सदरात आम्ही नोकरी कशी मिळवावी यावर बऱ्याचदा लिहिले आहे. ती टिकवण्यावर फार कमी लिहिले. पहिल्या सहा महिन्यांतच नोकऱ्या सुटलेली बरीच मुले आमच्या ओळखीची आहेत, आणि त्यातला बराचसा दोष मुलाचा नसून आपल्या घरांचा आहे असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून आजचा लेख मुलांसाठी आहे तितकाच आई-वडिलांसाठी आहे.

शिफारस ही उधारी असते

आपल्या जालन्यात काम नाही असे कुणी म्हणू नये. भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांचा धंदा इथे रुजला आहे. मोसंबीचा आणि रेशीम कोषांचा बाजार आहे. बदनापूरच्या पुढे औरंगाबादच्या रस्त्याला शेंद्र्याची मोठी औद्योगिक वसाहत आहे. पण यातल्या कित्येक जागांची जाहिरात कधी पेपरात येत नाही. फोरमनने सांगितले, ठेकेदाराने आणले, आतल्या माणसाने नाव सुचवले, अशाच त्या भरतात.

ओळखीने काम मिळणे यात कमीपणा नाही. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. मदयनच्या विहिरीवर दोन मुली आपली जनावरे घेऊन बाजूला थांबलेल्या दिसल्या. हजरत मूसा परक्या मुलखात, निराधार अवस्थेत होते, तरी त्यांनी आधी त्या जनावरांना पाणी पाजले. मोबदला मागितला नाही. पुढे त्यातल्याच एका मुलीने वडिलांना सांगितले की याला कामावर ठेवा. तिने दोन गुण पाहिले होते, अंगातली ताकद आणि अमानतदारी. त्यानंतर त्या वडिलांनी मुदतही आधीच स्पष्ट केली, आठ वर्षे, आणि स्वखुशीने दिली तर दहा. तुला त्रासात टाकायचे नाही, हेही सांगितले.

आजच्या नोकरीला लागणारे सगळे यात आहे. आधी काम दिसले, मग शिफारस झाली, मग अटी ठरल्या. आपण मात्र शिफारशीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

चाचांनी शब्द टाकला तेव्हा त्यांनी कित्येक वर्षांची आपली इज्जत तुमच्यासाठी गहाण ठेवली. ती उधारी तुमच्या वागण्याने फिटते. त्यासाठी तीन गोष्टी करा. कामावर लागल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना भेटून काम कसे चालले आहे ते सांगा. काही अडचण आली तर बाहेर बोभाटा होण्याआधी त्यांच्या कानावर घाला. आणि काम सोडायचे ठरवले तर पहिल्यांदा त्यांना सांगा, घरच्यांच्याही आधी. नाहीतर तुमच्यामागून येणाऱ्या मोहल्ल्यातल्या पुढच्या मुलासाठी ते तोंड उघडणार नाहीत. नुकसान एकट्या तुमचे होत नाही.

ज्यांची कुठेच ओळख नाही त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारीची वाट आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करता येते, पैसे लागत नाहीत, विद्यावेतन मिळते. जालन्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडेही नाव नोंदवा आणि रोजगार मेळाव्यांवर लक्ष ठेवा. मेळाव्याला जाताना प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती न्या. मूळ कागद दाखवा, पण कुणाच्या हाती सोपवून येऊ नका. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, मग ते नोंदणीचे असोत की गणवेशाच्या अनामत रकमेचे, तर तिथून सरळ उठून या.

आधी विचारा, मग रुजू व्हा

आपल्याकडे पगाराचे विचारायला संकोच वाटतो. "मोठ्या माणसानं लावून दिलंय, कसं विचारायचं?" मग पहिल्या पगाराला भांडण होते. अदबीने विचारले तर कुणी रागावत नाही. हे पाच प्रश्न वहीत लिहून न्या.

एक, माझा मालक कोण, कारखाना की ठेकेदार? दोन, हातात किती पगार पडेल आणि कोणत्या तारखेला? तीन, पाळी किती तासांची, सुट्टी कोणत्या वारी आणि जादा कामाचे काय? आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतले तर कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो. चार, पीएफ आणि ईएसआय कापले जाते का? पाच, नेमणुकीचे पत्र केव्हा मिळेल?

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पगारातून कपात झाली की घरात "कंपनीनं पैसे खाल्ले" अशी बोलणी सुरू होतात. साधारणपणे २० किंवा अधिक कामगार असतील तर पीएफ लागू होतो. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १२ टक्के कापले जातात आणि तेवढाच हिस्सा मालक भरतो. तो पैसा तुमचाच आहे. त्याचा यूएएन क्रमांक मागून घ्या. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. मोबाईल क्रमांक त्याला जोडलेला असेल तर उमंग ॲपवर जमा रक्कम दिसते. ईएसआय महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना आहे. तुमच्याकडून फक्त ०.७५ टक्के जातात आणि आई-वडील अवलंबून असतील तर त्यांच्याही उपचाराची सोय होते. ज्या घरात अब्बांना शुगर आणि अम्मींना गुडघेदुखी आहे, त्या घरात हे कार्ड म्हणजे मोठा आधार असतो.

पाचव्या प्रश्नाबद्दल एवढेच की २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे बंधनकारक केले आहे. त्यामुळे पत्र मागण्यात संकोच नको.

फोरमन आणि सोबतीची माणसे

कारखान्याच्या आवाजात कुणी हळू बोलत नाही. भट्टीपाशी किंवा यंत्रापाशी चूक झाली तर फोरमन ओरडणारच, कारण तिथे एखाद्याचा हात जाऊ शकतो. कामावरून ओरडणे आणि आई-बहिणीवरून शिवी देणे यात फरक आहे. पहिले ऐकून घ्यायचे असते. त्या वेळी "हो साहेब, चुकलं" एवढेच म्हणावे. आपली बाजू सांगायची असेल तर पाळी संपल्यावर, एकट्यात सांगावी. दुसरे ऐकून घ्यायची गरज नाही, पण त्याचेही उत्तर हातमोजे फेकणे हे नव्हे. "साहेब, कामाचं काहीही बोला, घरच्यांवरून बोलू नका," असे शांतपणे सांगावे. सांगूनही थांबले नाही तर तारीख, वेळ आणि समोर कोण होते ते लिहून ठेवावे आणि व्यवस्थापकाकडे लेखी द्यावे.

सोबत्यांशी संबंधांचे काही साधे नियम आम्ही आमच्या मुलांना सांगतो. पहिला महिना ऐका जास्त, बोला कमी. एकाचे बोलणे दुसऱ्याकडे नेऊ नका. पहिल्या पगारावर उधार देऊ नका, घेऊही नका. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धर्माचे आणि राजकारणाचे काही पाठवू नका, आणि दुसऱ्याने पाठवले तर तिथे वाद घालू नका. जुन्या कामगाराला "दादा" किंवा "काका" म्हणून काम विचारले तर तो शिकवतो. पुस्तकात नसलेले निम्मे काम त्याच्याच हातात असते.

नमाज, रोजे आणि ईद यांचा प्रश्न बऱ्याच घरांतून येतो. हे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोलून घ्यावे, गुपचूप गायब होऊ नये. "साहेब, शुक्रवारी जेवणाची सुट्टी दीड वाजता घेतली तर चालेल का? तेवढा वेळ मी संध्याकाळी भरून देतो," असे विचारल्यावर सोय करून देणारे साहेब आम्ही पाहिले आहेत. कुणी नाही म्हणाले तर महिनाभर काम दाखवून पुन्हा विचारावे. रमजानमध्ये भट्टीजवळ काम असेल तर पाळी बदलून मागावी, पण महिना सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी. ईदची रजाही आधी लेखी द्यावी. आमचा एक विद्यार्थी दर दिवाळीला सोबत्याची पाळी घेतो आणि ईदला तो सोबती याची घेतो. दोघांच्याही घरी सण नीट होतो, आणि दोघांच्या घरचा डबाही आता एकच झाला आहे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. "सर, नाव बघूनच नाही म्हणतात," असे मुले आम्हाला सांगतात. असे होतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. ते दुखते, आणि मुलाला ते दुखू द्यावे, खोटे ठरवू नये. पण प्रत्येक नकाराचे कारण तेच मानले तर मुलगा अर्ज करायचा थांबतो. म्हणून आम्ही त्याला वही करायला सांगतो. कुठे अर्ज केला, कधी, कोणी काय सांगितले, काय कमी पडले. दहा ओळी भरल्या की दिसते की चार ठिकाणी अनुभव मागितला, दोन ठिकाणी संगणक आणि एका ठिकाणी अर्जावरचा मोबाईल नंबर चुकलेला. जे आपल्या हातात आहे ते तरी दुरुस्त होते.

मुलीची नोकरी

बियाण्यांच्या कंपन्या, दवाखाने, बँका आणि शाळांमध्ये आता आपल्या मुलीही जातात. बापाला काळजी वाटते. काळजी बरोबर आहे, पण तिचा शेवट "नको जाऊस" असा होऊ नये. तिच्यासोबत एकदा जाऊन जागा पाहून या, येण्या-जाण्याची सोय ठरवा. तिथे १० किंवा अधिक माणसे काम करत असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिची अध्यक्ष महिलाच असते. लहान ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. हे मुलीला आधीच माहीत असू द्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही घडले तर ती घरी सांगू शकेल असे घर ठेवा. नोकरी बंद होईल या भीतीने गप्प राहिलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

घराने काय करावे

आता आई-वडिलांशी थोडे बोलतो. मुलगा नोकरीला लागला की पहिले सहा महिने त्याला लग्नाकार्यांतून सूट द्या. निकाहला संध्याकाळी येऊन जाईल, तीन दिवस थांबणार नाही, असे नातेवाइकांना तुम्ही सांगा. तो सांगेल तर "मोठा साहेब झाला" म्हणतील, तुम्ही सांगाल तर ऐकतील. पाळीहून आलेल्या मुलाला झोपू द्या, मग ती दुपार का असेना. पहिल्याच पगारावर फ्रिजचा हप्ता बांधू नका. आणि तो रागाने घरी आला तर त्याच्यापेक्षा मोठ्याने रागावू नका. जेवू घाला, रात्र जाऊ द्या, सकाळी पाळीवर पाठवा. एका रात्रीत निम्मा राग उतरतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

अनुभव आमचाच आहे. बीएड झाल्यावर आम्ही एका विनाअनुदानित शाळेत तीन वर्षे शिकवले. एके दिवशी वेळापत्रकावरून मुख्याध्यापकांशी बोलाचाली झाली. आम्ही त्याच दुपारी घरी आलो आणि परत गेलो नाही. राजीनामा लिहिला नाही, अनुभवाचा दाखला घेतला नाही. घरात सगळे म्हणाले, बरे केले. पुढे दुसऱ्या ठिकाणी अर्ज करताना अनुभवाचा रकाना आला आणि आम्हाला तिथे शून्य लिहावे लागले. दाखला मागायला गेलो तेव्हा तो मिळाला नाही. चूक कुणाची होती ते आता महत्त्वाचे नाही. तीन वर्षे गेली ती आमची.

म्हणून सोडायचीच असेल तर रीतीने सोडा. दुसरी हातात आल्यावर सोडा, लेखी राजीनामा द्या, त्याची पोच घ्या, अनुभवाचा दाखला आणि यूएएन क्रमांक घेऊन बाहेर पडा. राजीनामा दिल्यावर किंवा काढून टाकल्यावर राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे, असे नवी वेतन संहिता सांगते.

त्या रविवारी आम्ही मुलाला कुठेही लावून दिले नाही. "आधी चाचांकडे जा," एवढेच सांगितले. आईला ते आवडले नाही. "एवढ्यासाठी आलो का?" असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण मुलगा गेला. चाचा दारातच बरेच बोलले, याने ऐकून घेतले. मग त्यांनीच त्याला सोबत नेले. सुपरवायझरची माफी मागितली. पंधरा दिवसांचा हिशोब मिळाला, पण जागा परत मिळाली नाही, ती भरली गेली होती. आता त्याने शिकाऊ उमेदवारीसाठी तीन ठिकाणी अर्ज केले आहेत आणि वहीत तारखा लिहिल्या आहेत. नोकरी अजून लागलेली नाही.

काल मगरिबनंतर चाचा आम्हाला मशिदीच्या बाहेर भेटले. म्हणाले, "पोरगं बरंय, सर. पुन्हा जागा निघाली तर बघतो." चार महिन्यांपूर्वी गेलेला तो शब्द परत आला आहे. बाकी इन्शाअल्लाह होईल.

पुढच्या महिन्यात मुलाखतीला जाताना काय बोलावे आणि काय बोलू नये, याविषयी. तोवर तुमच्या घरातली अडचण आम्हाला जरूर कळवा.